भुताच्या पाठीवरची चेन

रक्त तपासायला गेलो की मी आधी आडवा होतो, मग सुई. ही रीत माझी नव्हे. कोपऱ्यावरच्या लॅबमधल्या मुलीनं ती पाडली. पहिल्या खेपेला मी खुर्चीवर चांगला ऐटीत बसलो होतो. बाही वर केली, मूठ आवळली, तिनं दंडाला रबरी पट्टी बांधली, आणि त्यानंतर मला जे दिसलं ते छत होतं. पंख्याला जळमटं लागली होती. "काका, अजून टोचलंच नाही मी," असं कुणीतरी फार लांबून सांगत होतं.

इथवर ठीक होतं. माणसं चक्कर येऊन पडतात. पण बायकोनं लॅबमधल्या सगळ्यांदेखत सांगून टाकलं की आदल्या रात्री या गृहस्थांनी वरणभात कालवता कालवता 'ब्रेनडेड' पाहिलाय. तिसऱ्यांदा.

'ब्रेनडेड' हा १९९२ सालचा न्यूझीलंडचा सिनेमा. दिग्दर्शक पीटर जॅक्सन. हो, तोच, ज्याच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटच्या भागाला पुढं अकरा ऑस्करं मिळाली. लायोनेल नावाचा एक आईवेडा मुलगा. आईला प्राणिसंग्रहालयात सुमात्राहून आणलेलं, उंदीर आणि माकड यांच्या मधलं काहीतरी चावतं. आई हळूहळू सडायला लागते, पण घरी पाहुणे जेवायला येणार असतात, तेव्हा रीतभात सुटत नाही. टेबलावर तिचा कान गळून कस्टर्डच्या वाटीत पडतो. ती तो चमच्यानं उचलते आणि खाते. अन्न टाकायचं नाही, ही शिकवण जगभर सारखीच दिसते. मग गावातली निम्मी माणसं मरून परत उठतात, आणि शेवटी लायोनेल गवत कापायचं यंत्र छातीशी धरून उलटं करतो आणि घरभरच्या मढ्यांमधून चालत जातो. त्यानंतर त्या दिवाणखान्यात जे होतं त्याला रक्तपात म्हणणं म्हणजे मुंबई बुडवणाऱ्या २६ जुलैच्या पावसाला सर म्हणण्यासारखं आहे.

"तुम्हाला स्वतःचा एक थेंब बघवत नाही, आणि हे बघवतं?" बायकोचा प्रश्न चोख आहे. उत्तरही चोख आहे, फक्त ते लॅबमध्ये आडवं पडून देता येत नाही. थेंब बघवत नाही, बादली बघवते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. पडद्यावर त्यातलं थोडंसं सांडलं तर डोकं हिशेब करत बसतं: कुठं लागलं, किती खोल गेलं, टाके पडतील का. एकाच माणसातून सहावा लिटर बाहेर आला की डोक्यातला कारकून वही मिटतो. पंधराव्या लिटरला रंगपंचमी सुरू होते.

या प्रकाराला माझ्या डोक्यात एकच नाव आहे: आचरट भयपट. थिल्लर नव्हे, पांचट नव्हे. आचरट. घरात ज्या पोराला आपण 'आचरटपणा करू नकोस' म्हणतो आणि म्हणतानाच तोंड फिरवून हसतो, त्या पोराचा सिनेमा.

मला त्याची लागण डोंबिवलीत झाली. साल १९८६ असेल. कोजागिरीला बिल्डिंगच्या गच्चीवर वर्गणी काढून व्हिडिओ आणायचा रिवाज होता. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, रात्रभराच्या भाड्यानं. पहिली कॅसेट कौटुंबिक, म्हणजे बायकांना रडता येईल अशी. दुसरी अमिताभची. तिसरी लावायच्या आधी दूध आटलेलं असायचं, बारकी पोरं सतरंजीवर आडवी झालेली असायची, आणि कुणीतरी काका "आता पोरांना खाली न्या" असं म्हणून स्वतः पुढच्या रांगेत सरकायचे. तिसरी कॅसेट रामसे बंधूंची, भुताची असायची. मी झोपेचं सोंग घेऊन, चादरीच्या एका भोकातून 'पुराना मंदिर' पाहिला. आयुष्यात मी जे काही मन लावून केलं त्यात याचा नंबर वरचा आहे.

सामरी नावाचा सैतान. राजानं त्याचं मुंडकं उडवून ते पेटीत बंद केलंय, धड दुसरीकडं पुरलंय. मुंडकं आणि धड एकत्र आलं की संपलं, हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. पुढचे दोन तास ती पेटी कोण मूर्ख उघडतो याची वाट बघायची. मध्ये गाणी, मध्ये जगदीप येऊन 'शोले'ची नक्कल करतो. मागं ढगांचा गडगडाट, पण खिडकीबाहेरची झाडं स्तब्ध.

माझी आजी कुडाळची. ती काही झोपेचं सोंग वगैरे घेत नसे. पाटावर पाय पसरून, सुपारी कातरत उघड बघायची. तिला भीती वाटायची नाही, तिची अडचण वेगळी होती. तिला सामरी कशात बसवायचा ते कळत नव्हतं. कोकणातल्या भुतांची खाती वाटून दिलेली असतात. मुंजा पिंपळावर. खवीस वेगळा, झोटिंग वेगळा, गिऱ्हा पाण्याजवळ, समंध कुळाच्या इस्टेटीवर डोळा ठेवून. देवचार तर भूत म्हणवत नाही, तो वेशीवरचा राखणदार. त्याला नारळ दिला की वाट सोडतो. आणि हा? "हो खंयचो?" आजीनं विचारलं. गच्चीवर कुणालाच सांगता येईना. "मुंजो न्हय, ह्येची मुंज झालेली दिसणा नाय," ती सुपारीचं खांड तोंडात टाकत म्हणाली. थोड्या वेळानं सामरी एका बाईच्या मागं लागला तेव्हा आजीनं निकाल दिला, "ह्येका कोणी नारळ देऊक नाय. म्हणान असो वागता."

पुढं कळलं की तो सामरी झालेला उंचापुरा नट, अजय अगरवाल, शिकून सिव्हिल इंजिनिअर झालेला होता. आजीला सांगितलं असतं तर तिचं मन निवलं असतं. एवढ्या उंचीच्या इंजिनिअराला काम मिळालं याचंच तिला बरं वाटलं असतं.

रामसे कंपनीची गोष्ट खरं तर आपल्याकडच्या कुठल्याही एकत्र कुटुंबाच्या धंद्याची गोष्ट आहे. वडील फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडवर विजेच्या सामानाचं दुकान टाकलं, मग सिनेमात हात घातला. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. सपशेल. पण त्यात पृथ्वीराज कपूर सैतानी मुखवटा चढवून चोरी करायला जातात, असा एक प्रसंग होता, आणि तेवढ्या प्रसंगाला थिएटर जागं व्हायचं. हे पोरांनी, म्हणजे तुलसी आणि श्याम यांनी, हेरलं. बापाला म्हणाले, सगळा सिनेमा तेवढाच काढू. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढायला सगळं कुटुंब बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेलं. सात भाऊ. कुणी लिहायला, कुणी दिग्दर्शनाला, कुणी कॅमेऱ्यावर, कुणी आवाजावर, कुणी संकलनाला. घरच्या बायका स्वयंपाकाला आणि लागेल तिथं मेकअपला. आपल्याकडं लग्नघरात याहून वेगळं काही होत नाही. मामा आचाऱ्याकडं, काका मांडवाकडं, आत्या रुसायला. रामसेंच्या लग्नघरात नवरदेव तेवढा थडग्यातून यायचा.

हे मला फार नंतर समजलं, पण चादरीच्या भोकातून त्याचा वास आला होता. हा सिनेमा कुणीतरी घरी केलेला आहे, हे जाणवायचं. कारखान्यातला नव्हे. पापडासारखा.

आणि मग एकदा चेन दिसली. कुठला सिनेमा होता ते आता नीट आठवत नाही. असाच एक, भाड्याच्या कॅसेटीवरचा, पट्टे पडलेला. राक्षस बाईला उचलून वळला आणि त्याच्या केसाळ पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत छान पितळी चेन चमकली. वरचा हुक लावायचा राहिला होता. गच्चीवर क्षणभर शांतता, आणि मग असा हशा उठला की तळमजल्याचे आजोबा काठी घेऊन वर आले. मी चादर फेकून उठून बसलो होतो, आणि कुणी मला खाली पिटाळलं नाही. त्या दिवसापासून मी भयपटात आधी चेन शोधतो. ती दिसली म्हणून माझी मजा जात नाही. तिथून ती सुरू होते. आत एक घामाघूम माणूस आहे. त्याला कुणीतरी मागून चेन लावून दिली आहे. "हं, श्वास आत घे," असंही म्हणालं असेल.

रक्ताचं तसंच. सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या नाटकात मी एकदा मेलो आहे, म्हणून अधिकारानं सांगतो. दिग्दर्शक बँकेतले, रात्री तालमी. त्यांनी रक्त म्हणून कोकमाचं आगळ घेतलं, त्यात साखर घालून घट्ट केलं आणि फुग्यात भरून माझ्या बनियनखाली बसवलं. खलनायकानं सुरा मारला, फुगा फुटेना. त्यानं पुन्हा मारला. तीनदा, चारदा, तो आता मनापासून मारत होता. शेवटी मी रक्ताशिवायच मेलो, आईनं वरून पांढरी चादर घातली, पाऊण पानाचा विलाप झाला, आणि पडदा पडल्यावर सगळे हात धरून नमस्काराला वाकलो तेव्हा फुगा फुटला. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे होते. त्या रात्रीतला सगळ्यात मोठा टाळ्यांचा कडकडाट तोच. शर्ट दोरीवर वाळत घातला, तर सकाळपर्यंत बाहीपासून कॉलरपर्यंत मुंग्यांची वरात.

म्हणून सॅम रेमीच्या 'ईव्हिल डेड'ची हकीकत वाचली तेव्हा मला गाव सापडल्यासारखं झालं. विशीतली पोरं, टेनेसीतल्या जंगलातलं पडकं खोपटं, कडाक्याची थंडी. रक्त म्हणजे मक्याचा गोड पाक. हिरो ब्रूस कॅम्पबेल रोज त्यात न्हाऊन निघायचा. त्याचा शर्ट पाकानं वाळून असा कडक झाला की एके दिवशी घालायला गेला तर तो फाटला नाही, मोडला. शेव मोडते तसा. शेवटी शेवटी तर उब मिळावी म्हणून ही मंडळी खोपटातलं फर्निचर जाळत होती. कॅमेरा गुळगुळीत सरकवायला महागडं यंत्र नव्हतं, तर तो एका फळीवर बसवला आणि दोघांनी फळीची टोकं धरून जंगलातून धूम ठोकली. पडद्यावर काय दिसतं? एक अदृश्य पिशाच्च झाडं चुकवत अंगावर येतंय. ते पिशाच्च म्हणजे फळी धरून धापा टाकणारी दोन पोरं आहेत, हे कळल्यावर मला ते दृश्य जास्त आवडायला लागलं.

जॅक्सनही त्याच जातीचा. त्याचा पहिला सिनेमा, 'बॅड टेस्ट', त्यानं नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काढला. त्याला चार वर्षं लागली. परग्रहावरच्या प्राण्यांचे मुखवटे त्यानं आईच्या ओव्हनमध्ये भाजले. आईनं त्याच ओव्हनमध्ये नंतर केक केला असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून सतावतो. आणि 'ब्रेनडेड'चं चित्रीकरण ठरल्यापेक्षा लवकर आटोपलं, थोडे पैसे उरले, तेव्हा त्यानं काय केलं? लायोनेल एका मढ्याच्या बाळाला बाबागाडीत घालून बागेत फिरायला नेतो, बाळ अनावर होतं आणि तो त्याला चार बायांसमोर धोपटतो, असा एक प्रसंग वर जोडला. आपण असतो तर एफडी केली असती.

जपानमध्ये नोबुहिको ओबायाशीनं १९७७ साली 'हाऊस' काढताना तर आपल्या शाळकरी मुलीलाच विचारलं, तुला कशाची भीती वाटते गं? म्हणून त्या सिनेमात पियानो एका मुलीला खातो. बोटांपासून सुरुवात करून. मोठ्या माणसाला हे सुचलंच नसतं. मोठा माणूस पियानोच्या हप्त्यांना घाबरतो.

आपल्याकडं हे मर्म ज्याला नेमकं सापडलं तो महेश कोठारे. 'झपाटलेला', १९९३. तात्या विंचू मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, ही कल्पना अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'मधल्या चकीवरून आलेली, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चकी अमेरिकेत फेरीवाल्याकडून विकत आणलेला बाहुला होता. आपल्याकडं बाहुला बोलतो म्हटलं की लोकांना आधी रामदास पाध्ये आणि अर्धवटराव आठवतात, आणि तात्या विंचूही पाध्यांच्याच हातचा. म्हणजे बाहुला बोलला याचं आपल्याला नवल नव्हतंच. इतकी वर्षं हसवणारा आता मारायला निघाला, याचं होतं. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. त्या आवाजात एक विलक्षण खवचटपणा आहे, भाडेकरूला घर खाली करायला लावणाऱ्या मालकासारखा.

पण त्या सिनेमात माझा खरा हिरो लक्ष्मीकांत बेर्डे. बाहुल्याशी मारामारी करणं म्हणजे काय, याचा कुणी विचार करत नाही. बाहुल्याला जोर नसतो. त्याला स्वतःच्या गळ्याशी घट्ट धरायचं, आपणच मागं मागं जायचं, आपणच टेबलावर आदळायचं, आणि डोळ्यांत असं दाखवायचं की सोडवतोय. धरायचं आणि सोडवायचं, दोन्ही एकाच हातांनी. एड वूडच्या 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर'मध्ये १९५५ साली रबरी ऑक्टोपस होता, पण त्याची मोटर नव्हती, म्हणून मरणाऱ्यानं त्याचे पाय स्वतःच हलवत, अंगाभोवती गुंडाळत मरायचं होतं. बघताना पोट दुखेपर्यंत हसू येतं. बेर्डे तेच जाणूनबुजून करत होता. 'ईव्हिल डेड'च्या दुसऱ्या भागात कॅम्पबेलचा स्वतःचाच हात झपाटतो आणि त्याच्याच डोक्यात ताटल्या फोडतो, तेही त्याच घराण्यातलं. शेवटी तो हात करवतीनं तोडतो, बादलीखाली झाकतो आणि बादली हलू नये म्हणून वर पुस्तकं रचतो. सगळ्यात वरचं पुस्तक हेमिंग्वेचं: 'अ फेअरवेल टू आर्म्स'. एवढ्या चिखलात हा विनोद करायला डोकं जागेवर लागतं.

म्हणूनच हल्ली मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे मला सोसत नाहीत. वादळातून शार्क उडत येतात आणि माणसांना गिळतात, असा एक अमेरिकेत निघाला, त्याचे एकामागून एक भागही निघाले. कल्पना झकास. पण त्यात कुणाचा शर्ट मोडलेला नाही. सगळं संगणकावर, तेही घाईत, आणि वर डोळा मारून 'बघा आम्ही किती वाईट!' आचरटपणा हे कष्टाचं काम आहे. बोबडं बोलणारं मूल गोड. मुद्दाम बोबडं बोलणारा चाळिशीचा गृहस्थ लग्नात भेटला तर आपण आइस्क्रीमच्या रांगेकडं सरकतो.

आजी असती तर तिनं हे सगळं एका वाक्यात उडवून लावलं असतं, कारण तिच्या गावाला हा प्रकार जुना. दशावतारात सुरुवातीलाच संकासुर येतो. काळा पायघोळ, तोंड झाकलेलं, लाल जीभ लोंबतेय. वेद चोरून नेणारा दैत्य, म्हणजे गुन्हा काही साधा नव्हे. आणि हा दैत्य मालवणीत लोकांची टिंगल करतो, पुढारी बसलेला असला तर त्याचीही. लहानपणी आजोळी मी त्याला पाहून आजीच्या पदराखाली शिरलो होतो आणि तिथूनच हसत होतो. दोन्ही एकाच वेळी कसं होत होतं, ते आठवतं. समजावून सांगता येत नाही. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो, आणि पहाटे तोच संकासुर देवळामागं विडी ओढत बसलेला दिसतो. जीभ शेजारी दगडावर ठेवलेली.

पॅरिसमध्ये ग्राँ गिन्योल नावाचं नाट्यगृह १८९७ पासून १९६२ पर्यंत नेमका हाच धंदा करत होतं. जुन्या प्रार्थनागृहात, २९३ खुर्च्यांचं. एक नाटुकलं डोळे काढण्याचं, पुढचं निव्वळ फार्स, मग पुन्हा गळा कापण्याचं. पॉला माक्सा नावाच्या तिथल्या नटीचा रंगमंचावर दहा हजारांहून जास्त वेळा खून झाला, असं सांगतात. तिला रोज घरी जाऊन केसांतलं रक्त धुवावं लागत असेल. मला त्या न्हाणीघराबद्दल नाटकांपेक्षा जास्त कुतूहल आहे.

त्या दिवशीचा लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी आला. साखर बरी, कोलेस्टेरॉल काठावर, हिमोग्लोबिन कमी. बायकोनं चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सगळं टीव्हीवर सांडून बसल्यावर अंगात कुठून राहणार?" ती म्हणाली, आणि बीट किसायला घेतलं.

रस ग्लासभर झाला. रंग तर असा की रेमीनं टिपून घेतला असता. मी बेसिनच्या आरशासमोर उभा राहून एक घोट घेतला, थोडा तोंडाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळू दिला, डोळे पांढरे केले आणि दोन्ही हात पुढं करून सावकाश स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

तिनं वळून पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "शर्टाची मागची शिवण उसवलीय."